चौथीच्या मुलांना चोडणच्या अभयारण्यात न्यायचंय. कधी आणि कसं?

डिचोलीची बाई

नमस्कार. मी डिचोली तालुक्यातल्या एका मराठी प्राथमिक शाळेत शिकवते. चौथीची वीसेक मुलं आहेत आणि चार-पाच पालक सोबत यायला तयार आहेत. आमची सहल म्हणजे मंगेशी, शांतादुर्गा, मग मिरामारला वाळूत खेळ आणि संध्याकाळी घरी. त्यात वाईट काही नाही, पण यंदा मुलांना किनाऱ्यालगतचं जंगल दाखवावं असं फार वाटतंय, आणि तेही जाणत्या माणसाच्या सोबतीनं.

कारण सांगते. वर्गात खारफुटीचा विषय निघाला तेव्हा एका मुलीनं विचारलं, "बाई, मिठाच्या पाण्यानं आमचं तुळशीचं झाड मेलं. मग ही झाडं कशी जगतात?" मी उत्तर दिलं, पण ते फळ्यावरचं उत्तर होतं. तिला झाडापाशी उभं करून ते द्यायला हवं.

माझे प्रश्न असे. राष्ट्रीय उद्यान म्हणून मोलेला न्यावं की चोडणला? जानेवारीतला शनिवार सोयीचा आहे, तो चालेल का? एवढ्या लहान मुलांना होडीत बसवणं बरं का? मार्गदर्शक चांगला आहे हे आधी कसं ओळखायचं? आणि पक्षी दिसलेच नाहीत तर मुलं कंटाळतील, त्याचं काय करायचं? पालक मगरींबद्दलही विचारत आहेत.

रायबंदरकर

बाई, मोले हे गोव्यातलं एकमेव राष्ट्रीय उद्यान. 107 चौरस किलोमीटरचं, 1978 साली घोषित झालेलं. पण ते सह्याद्रीत आहे, समुद्राशी त्याचा संबंध नाही. मोठी अंतरं, दाट झाडी, आणि प्राणी दिसायला धीर लागतो. चौथीच्या मुलांना खारफुटी दाखवायची तर चोडणच.

डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य मांडवी नदीतल्या चोडण बेटाच्या पश्चिम टोकाला आहे. जेमतेम 178 हेक्टरचं, म्हणजे दोन चौरस किलोमीटरसुद्धा नाही. लहान मुलांच्या पायांना हाच आकार बरा. सलीम अली 1987 साली गेले आणि पुढच्याच वर्षी हे अभयारण्य झालं.

डिचोलीहून मयेमार्गे रस्त्यानं थेट चोडणला येता येतं, फेरीबोटीची गरज नाही. पण परतताना रायबंदरला उतरणारी फेरी जरूर घ्या. मुलांना नदी ओलांडल्याचं कळतं, आणि पलीकडून त्यांना त्या हिरव्या पट्ट्याची सगळी लांबी एका नजरेत दिसते. अभयारण्याचं फाटक चोडणच्या धक्क्यापासून चालत जाण्याजोगं आहे. वन खात्याला शाळेच्या कागदावर आधी अर्ज द्या, मुलांची संख्या आणि तारीख लिहून. रविवार टाळा.

चोडणकर

बाई, तुमचा शनिवार मला पुसावासा वाटतोय. तारीख ठरवण्याआधी एक गोष्ट करा: भरती बघा. इथे येणारे लोक सुट्टी बघतात, हवामान बघतात, पक्ष्यांची यादी बघतात, आणि भरती कुणी बघत नाही. मग भर ओहोटीला येऊन विचारतात, होडी आत का जात नाही? किंवा भर भरतीला येऊन विचारतात, पक्षी कुठे गेले? या जागेचा सगळा कारभार पाण्यावर चालतो. बारा तास पंचवीस मिनिटांनी एक भरती संपून दुसरी भरते, आणि रोज ती सुमारे पाऊण तासानं पुढे सरकते.

मी चोडणची. बाबा मानशीवर, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दारावर, काम करायचे. खाजनाच्या, म्हणजे नदीकाठच्या बांध घातलेल्या भातशेतीच्या, बांधावरच माझं लहानपण गेलं. आता हिवाळ्यात मी शाळांना आणि पाहुण्यांना या खारफुटीत फिरवते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आमच्याकडे भरतीचा एक जुना हिशेब आहे. तिथीची पाऊणपट करायची. जो आकडा येईल त्या वाजता भरती पूर्ण. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास पाणी भरलेलं, दुपारी बाराला सुकती, म्हणजे पूर्ण ओहोटी. पौर्णिमेला किंवा अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वा अकरा, म्हणजे पहाटे पाचच्या सुमारास पाणी पार उतरलेलं आणि अकरा-सव्वाअकराला भरलेलं. हा अंदाज आहे. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, आणि एका दिवसाच्या दोन भरत्यासुद्धा सारख्या उंचीच्या नसतात. म्हणून पंचांगावरून दिवस निवडा आणि मुरगाव बंदराच्या भरती-ओहोटीच्या कोष्टकावरून वेळ पक्की करा. नदीत आत पाणी थोडं उशिरा पोचतं तेही धरा.

आता तुम्हाला काय हवंय ते बघू. मुलांना चिखल उघडा दिसायला हवा, कारण सगळी गंमत चिखलात आहे. आणि होडीलाही आत शिरायला पाणी हवं. ही दोन्ही कामं एकाच सकाळी साधायची तर पाणी चढत असताना यायचं. सकाळी आठच्या सुमारास पाणी अर्ध्यावर आणि वर येणारं, असे दिवस म्हणजे चतुर्दशी, पौर्णिमा किंवा अमावास्या, फार तर प्रतिपदा-द्वितीया. उधाणाचे दिवस असल्यामुळे तेव्हा पाणी दोनेक मीटर चढतं-उतरतं आणि चिखलाचा मोठा पट्टा उघडा पडतो. अष्टमी-नवमीला भांग असतो, पाणी फारसं हलतच नाही.

चढत्या पाण्याचा पक्ष्यांसाठीही फायदा आहे. ओहोटीला तुतारी, बगळे, ढोकऱ्या लांबवर पसरून खातात, दुर्बिणीतूनही ठिपके दिसतात. पाणी चढू लागलं की चिखल आक्रसतो आणि ते सगळे काठाकडे सरकत येतात, म्हणजे तुमच्याकडे. मुलांना डोळ्यांनी दिसतील एवढे जवळ येतात. थंडीत इथे मध्य आशिया आणि सैबेरियाकडून आलेले पाहुणेही असतात, म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने चांगले. जानेवारी उत्तमच.

आता सकाळ कशी घालवायची ते. साडेसातला फाटकाशी पोचा. आधी होडी नको, आधी पायवाट. खारफुटीतून बांधलेली वाट आहे, तिच्यावरून चालायचं आणि खाली बघायचं. मुलं वर बघतील, पक्षी शोधतील. त्यांना खाली बघायला लावा. दोन्ही बाजूंना चिखलातून पेन्सिली उगवल्यासारखी हजारो मुळं वर आलेली दिसतील. ती तिवराची. त्या चिखलात हवा नसते, म्हणून झाड श्वास घ्यायला मुळं वर पाठवतं. चिखलाला कुजल्या अंड्यासारखा वास येतो, मुलं नाक धरतील. तो वास घाणीचा नाही हे तेव्हाच सांगा. हवा नसलेल्या चिखलात जे सूक्ष्मजीव पानं कुजवतात त्यांच्यामुळे तो येतो, आणि त्या कुजण्यावरच कोळंबीपासून चोणक माशापर्यंत सगळ्यांचं पोट आहे. गोव्यातल्या मुलांना सुंगटं आणि शेवटे ताटात माहीत असतात. त्यांची पिल्लं याच मुळांच्या आडोशानं वाढतात हे इथे उभं राहून सांगितलं की विसरत नाहीत.

तुमच्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचं उत्तरही याच वाटेवर आहे. तिवराचं एक पान उलटसुलट करून तिला दाखवा. कोरड्या सकाळी उन्हात धरलं तर त्यावर मिठाचे कण चमकतात. बोटानं पुसून जिभेला लावू द्या, खारट लागतं. हे झाड मीठ आत घेतं आणि पानांतून बाहेर टाकतं. शेजारी काठ्यांवर उभं असल्यासारखं दिसणारं कांदळ असेल. ते बरंचसं मीठ मुळापाशीच अडवतं, आत येऊच देत नाही. दोघांचा मार्ग वेगळा. तिला दोन्ही झाडांना हात लावून बघू द्या. कांदळाच्या फांदीला हिरवे लांब दांडे लोंबताना दिसले तर तेही दाखवा. ती शेंग नव्हे, ते रोप आहे. बी झाडावरच रुजतं, आणि रोप खाली पडून चिखलात रोवलं जातं किंवा पाण्याबरोबर दुसरीकडे जातं.

एक सावधगिरी मात्र कडकपणे पाळा. तिवराखेरीज कुठल्याही पानाची चव घ्यायची नाही, फांदी मोडायची नाही. गेवा नावाचं एक झाड या खारफुटीत असतं, त्याचा पांढरा चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला मोठी इजा होते. कुठलं पान तोडायचं ते फक्त मार्गदर्शक सांगेल, असा नियम निघण्यापूर्वीच वर्गात करा.

चिखलात आणखी दोघं भेटतील. निवट्या, म्हणजे मासा असून चिखलावर उड्या मारत फिरणारा. अंग ओलं असेल तोवर तो कातडीतून आणि तोंडाच्या अस्तरातून श्वास घेतो, आणि मधूनच डोळे खोबणीत ओढून ओले करून घेतो. मुलं त्याच्याकडे खूप वेळ बघत राहतात, तेव्हा घाई करू नका. दुसरा छोटा खेकडा, ज्याच्या नराची एक नांगी अंगापेक्षा मोठी असते. तो ती हलवत राहतो. मुलांनी धडधड पाय आपटले तर सगळे क्षणात बिळात जातात. दोन मिनिटं पुतळ्यासारखं उभं राहिलं की परत येतात. ही दोन मिनिटं मुलांकडून मिळवणं, एवढंच तुमचं आणि मार्गदर्शकाचं खरं काम.

पक्षी दिसले नाहीत तर काय, असं तुम्ही विचारलंत. चिखल बघितला तर तो प्रश्न उरत नाही. आणि पक्षी दिसतातच. खंड्या असतो, वर ब्राह्मणी घार फिरत असते, पाणकावळे पंख वाळवत बसलेले असतात. नशीब असेल तर मानेभोवती पांढरा पट्टा असलेला निळा खंड्या दिसतो, कॉलर्ड किंगफिशर म्हणतात तो. त्याच्यासाठी लांबलांबचे लोक इथे येतात.

होडी नऊनंतर. निम्मी मुलं होडीत, निम्मी वाटेवर चित्रं काढत, मग अदलाबदल. सगळ्यांना एकदम चढवू नका. होडीवाल्यानं घाई केली तरी नको. प्रत्येक मुलाच्या अंगात त्याच्या मापाचं लाइफ जॅकेट हवं. मोठ्या माणसाचं जॅकेट सैल बांधलेलं असेल तर पाण्यात ते डोक्यावरून निघून जातं. मुलांच्या मापाची किती आहेत ते आधीच विचारा आणि त्यावरून एका खेपेला किती मुलं न्यायची ते ठरवा.

मार्गदर्शक कसा ओळखायचा? फोन करून विचारा, "आम्ही अमुक दिवशी येतोय, त्या दिवशी भरती कधी?" जो लगेच किंवा कोष्टक बघून नीट सांगेल तो घ्या. जो म्हणेल "कधीही या, सगळं दिसतं", तो नको. जो मगर दाखवायची हमी देतो तोही नको, कारण हमी द्यायची म्हणजे होडी जनावराच्या अंगावर न्यायची. आणि त्याला मराठी किंवा कोकणी बोलता यायला हवं. इंग्रजी नावांची यादी म्हणणारा माणूस मुलांच्या काही कामाचा नाही.

मडगावचा पक्षीनिरीक्षक

चोडणकर, भरतीचा हिशेब अगदी बरोबर. पण साडेसात म्हणजे उशीर झाला. पक्षी बघायचे तर साडेसहाला तिथे हवं. आणि मुलांना यादी द्या. वीस पक्ष्यांची चित्रं छापून, दिसला की खूण करायची. माझ्या भाच्यांना या यादीनंच गोडी लागली. यादी नसली तर मुलं बघतात आणि विसरतात. स्पॉटिंग स्कोप (तिपाईवरची मोठी दुर्बीण) असलेला कुणी सोबत घेतला तर लांबचे चिखलपक्षीही ओळखता येतील.

चोडणकर

मडगावकर, तुमच्या भाच्यांना तुमच्यासारखा मामा आहे, वर्गातल्या मुलांना नाही. यादी दिली की वीस मुलं खूण करायला धावतात. "बाई, मला सात मिळाले, त्याला पाच." मग निवट्याकडे कुणी बघत नाही, कारण तो यादीत नाही. मी शाळांना यादी देत नाही. एक कोरा कागद आणि पेन्सिल देते. एकच गोष्ट निवड, आणि ती दहा मिनिटं बघून काढ. ढोकरी किती वेळ हलली नाही, खेकड्याची कुठली नांगी मोठी, मूळ किती बोटं उंच. घरी गेल्यावर आईला काय सांगायचं ते त्या कागदावर असतं.

साडेसहाचं म्हणणं मोठ्यांसाठी खरं आहे. डिचोलीहून मुलांना त्या वेळी आणायचं तर पाचला उठवावं लागेल, आणि झोपलेलं मूल होडीत नको. तुमच्यासारख्या माणसानं सोबत यायचं ठरवलं तर मात्र बाईंना मोठा आधार होईल. स्कोपमधून ढोकरीचा डोळा बघायला मिळाला तर मुलं तोही जन्मभर लक्षात ठेवतील.

डिचोलीची बाई

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री पंचांग घेऊन बसले. जानेवारीच्या आसपास दोन शनिवार मोकळे आहेत. पहिल्या शनिवारी अष्टमी येते, दुसऱ्या शनिवारी शाकंभरी पौर्णिमा. चोडणकरताईंच्या हिशेबानं दुसरा शनिवार. मुख्याध्यापकांना पटवायला पाऊणपटीचा हिशेब फळ्यावर मांडला, तेव्हा ते स्वतःच बोटं मोजू लागले. दोन पालकांकडे पौर्णिमेची पूजा आहे, त्यांच्या जागी दुसरे दोघं येतील.

मगरीचं मात्र राहिलं. एका मुलाच्या आजीनं मला घरी बोलावून सांगितलं की होडीत बसवणार असाल तर नातवाला पाठवणार नाही.

आणि समजा काही कारणानं अष्टमीच्याच शनिवारी जावं लागलं तर?

दुर्भाटकर

बाई, त्या आजींना आमच्याकडची गोष्ट सांगा. दुर्भाट-बोरी भागात पौष अमावास्येला खाजनात चिखलाची मगर घडवतात, शिंपल्यांनी तिची पाठ सजवतात, फुलं वाहून पूजा करतात. मानगे थापणी म्हणतात तिला. आम्ही पिढ्यान् पिढ्या मगरीच्या शेजारी भात लावतोय, बांध घालतोय. ती बांध राखते, आमची माणसं राखते, असं मागणं मागतात. मगरीला नुसतं भिणारे लोक असं करणार नाहीत.

आता व्यवहाराचं. मांडवी आणि जुवारीला जोडणाऱ्या कुंभारजुव्याच्या खाडीत मगरी आहेत, पर्यटक त्या बघायला तिकडे होड्या घेऊन जातात. ही मगर मुळात गोड्या पाण्यातली जात, पण आमच्या मचूळ पाण्यात राहते. पाणी जोडलेलं असल्यामुळे चोडणच्या बाजूला कधीच येत नाही असं कुणी म्हणू नये. म्हणून नियम साधा आहे: होडीबाहेर हात नाही, पाण्यात पाय नाही, काठावरच्या चिखलात उतरायचं नाही, खाण्याचं काही पाण्यात टाकायचं नाही. हे पाळणाऱ्या होडीला मगरीपासून धोका फार कमी. मला विचाराल तर मुलांच्या होडीला खरा धोका उभं राहण्याचा असतो. एक मूल पक्षी दिसला म्हणून उठतं, त्याच्या मागून सगळी एका बाजूला कलतात. प्रत्येक बाकावर एक मोठं माणूस हवं, आणि "बघा, तिकडे!" असं कुणीही ओरडायचं नाही. डावीकडे, उजवीकडे असं हळू सांगायचं.

चोडणकर

दुर्भाटकरांनी सांगितलं ते होडीत चढण्यापूर्वी धक्क्यावर सगळ्यांकडून म्हणून घ्या. आजींना वाटलं तर त्यांनाही घेऊन या. वाटेवर बसायला त्यांना जमेल, आणि मुलं होडीत जातील तेव्हा मागे राहिलेल्यांना त्या सांभाळतील. नातू होडीत नको असेल तर नको. ज्याच्या घरच्यांचं मन तयार नाही त्या मुलाला होडीत बसवू नये, वाटेवर त्याला कमी काही मिळणार नाही.

अष्टमीचं विचारलंत. तेव्हा सहाला भरती होऊन गेलेली, तुम्ही आठला पोचाल तेव्हा पाणी उतरत असेल, बाराला पार खाली. भांगाची ओहोटी असल्यामुळे चिखलाचा पट्टा लहान. उतरत्या पाण्यात ओढ्यात शिरलेली होडी अडकली तर पुढच्या भरतीपर्यंत बसून राहावं लागतं. मोठी माणसं गप्पा मारत बसतील, वीस मुलं नाही. तेव्हा अष्टमी असेल तर होडी रद्द करा. नऊ ते अकरा फक्त वाट आणि चिखल, आणि उरलेला वेळ खाजन बघायला द्या.

खरं तर खाजन दोन्ही दिवशी बघा. अभयारण्यापासून फार लांब नाही आणि तिकडे सहसा कुणी शाळांना नेत नाही. बांधावर उभं राहिलं की एका हाताला नदी आणि खारफुटी, दुसऱ्या हाताला नदीच्या भरतीपातळीपेक्षा खाली असलेली भातजमीन. मुलांना विचारा, मग शेतात पाणी का शिरत नाही? मग मानस दाखवा. लाकडी दार. नदी चढली की पाण्याच्या दाबानं ते आपोआप मिटतं. नदी उतरली की आतलं पाणी ते ढकलून बाहेर जातं. वीज नाही, मोटर नाही, भरतीच दार उघडते आणि लावते. ही युक्ती गोव्यात पोर्तुगीज येण्याच्या आधीपासूनची आहे. आत कोरगुट लावायचे, खारं पाणी सोसणारं भात. आणि बांधाच्या बाहेर खारफुटी ठेवायची, म्हणजे लाट आधी तिच्यावर आपटते, मग बांधावर. गावकारी, म्हणजे गावानं मिळून जमिनी सांभाळायची पद्धत, होती तेव्हा बांध फुटला की तो बांधायला अख्खं गाव जायचं. आता कित्येक बांध पडले, शेतांत खारं पाणी शिरलं, आणि त्या शेतांत खारफुटी आपणहून उगवली. लोक म्हणतात, बरं झालं, झाडं वाढली. मला ते बघवत नाही. खारफुटी बांधाबाहेर हवी आणि भात आत. दोन्ही हवीत. तुमची मुलं डिचोलीची, त्यांच्या आजोळी कुठेतरी खाजन असणारच. त्यांना हे माहीत असायला हवं, कारण पुढे बांध घालायचा की नाही ते तीच ठरवतील.

डिचोलीची बाई

ताई, हे वाचून खाजनासाठी तासभर राखून ठेवला. वन खात्याला अर्ज आज दिला, पौर्णिमेची तारीख घालून. मडगावकरांना खाजगीत लिहिलं आहे, ते स्कोप घेऊन येतो म्हणाले. मुलांनी काय आणायचं तेवढं सांगा, उद्या वहीत लिहून देते.

चोडणकर

गणवेशाचा पांढरा शर्ट नको, मळखाऊ रंगाचे पूर्ण बाह्यांचे कपडे. खारफुटीत चिलटं असतात आणि पांढरा रंग पक्ष्यांना लांबून दिसतो. मागे पट्टा असलेल्या सँडल किंवा कॅनव्हासचे बूट. टोपी. पाण्याची बाटली प्रत्येकाची स्वतःची. खायला पाकिटातलं काही नको. डब्यात पोळी-भाजी, केळी, लाडू, आणि तेही बाहेर आल्यावर. होडीत चढण्यापूर्वी सगळ्यांना एकदा लघवीला जाऊन येऊ द्या. पाच मुलांत एक भिंग मिळालं तर बघा. दुर्बिणी कमी असल्या तरी चालतील. तिवराच्या पानासाठी एक स्वच्छ ओला रुमाल, म्हणजे बोटं पुसून मग मीठ चाखता येईल.

आदल्या संध्याकाळी मुरगावचं कोष्टक पुन्हा एकदा बघा आणि होडीवाल्याला फोन करून वेळ जुळते का ते विचारा. वारा जोराचा असेल तर तो होडी काढणार नाही. तसं म्हणाला तर आग्रह करू नका, पायवाट आणि खाजन करून फेरीनं रायबंदरला या.